चार रात्रींचं लंडन आणि एकतीस ठिकाणांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याचं जोडपं, साठीच्या अलीकडचं, पहिलाच परदेश प्रवास. जुलैत मुलीचा पदवीदान समारंभ मँचेस्टरला. तो आटोपला की गुरुवारी दुपारी रेल्वेनं लंडन, आणि सोमवारी रात्री हीथ्रोहून मुंबईचं विमान. मधल्या चार रात्रींसाठी एकतीस ठिकाणांची यादी तयार आहे. "क्रम लावून द्या, आणि एक दिवस पॅरिस बसतं का तेवढं सांगा," असं विचारलंय. वहिनींचे गुडघे कुरकुरतात. दोघं शाकाहारी, अंडंही चालत नाही.

आधी पॅरिसचं. नाही बसत. सेंट पँक्रसहून युरोस्टार सव्वादोन तासांच्या आसपास पॅरिसला पोचते, त्यामुळे कागदावर फार सोपं वाटतं. पण ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. शिवाय गाडीच्या तासभर आधी पोचून पासपोर्ट आणि सामानाची तपासणी. जाऊन-येऊन हातात पाच तास उरतात आणि त्यातला एक आयफेल टॉवरच्या रांगेत जातो. पॅरिसला पुन्हा केव्हातरी स्वतंत्र जा.

बावीस वर्षं मी माणसं लंडनला नेतोय. आधी चाळीस-चाळीस जणांच्या ग्रुपचा टूर मॅनेजर होतो, आता घरबसल्या छोट्या कुटुंबांचे आराखडे करून देतो. यादीला क्रम लावणं हे काम दहा मिनिटांचं आहे. पण लंडनमध्ये वेळ ठिकाणं खात नाहीत, दोन ठिकाणांमधलं अंतर खातं. स्टेशनात उतरून पलीकडच्या लाइनपर्यंतची पायपीट, जिने, दारावरची बॅग तपासणी, "जरा बसू या का" म्हणत शोधलेला बाक. म्हणून माझा हिशेब असा असतो: दिवसाला शहराचा एक भाग, आणि दिवसाला विकत घेतलेलं एकच तिकीट. त्या हिशेबानं तुमच्या एकतीसपैकी अकरा-बारा ठिकाणं होतील. उरलेली गाळताना जीव तुटेल, पण ती गाळायचीच आहेत, आणि ते काम साताऱ्यात बसून केलेलं बरं. तिथे फुटपाथवर उभं राहून केलं की भांडणं होतात.

मेट्रोच्या नकाशाबद्दलही आधीच सांगतो, कारण तो हमखास चकवतो. हॅरी बेकनं आखलेला हा नकाशा १९३३ साली छापला गेला तेव्हापासून तो अंतरं खरी दाखवत नाही, फक्त जोडण्या दाखवतो. मध्यवर्ती भाग त्यात ताणून मोठा केलाय. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे एक स्टेशन म्हणजे जमिनीवर जेमतेम अडीचशे मीटर, म्हणजे राजवाड्यावरून मोती चौकात जावं तसं. लोक मात्र खाली उतरतात, गाडीची वाट बघतात, आणि कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून जिना धरतात. १९३ पायऱ्या आहेत तिथे. वहिनींच्या गुडघ्यांचा दिवस तिथेच संपेल. तेव्हा एक-दोन स्टेशनांचं अंतर असेल तर फोनवर चालायचं अंतर बघा, आणि शक्य तिथे बस घ्या. बस हळू जाते, पण वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की ती सहलच असते.

तिकिटांची भानगड आता राहिलेली नाही. टॅप करायचं कार्ड दारावर टेकवायचं. मेट्रोत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा, बसमध्ये फक्त चढताना. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. २०२५ साली झोन एक-दोनसाठी, म्हणजे मध्यवर्ती लंडनसाठी, ही मर्यादा ८.९० पौंड होती आणि बसचं भाडं पावणेदोन पौंड. त्या एका भाड्यात तासाभरात हव्या तितक्या बसमध्ये चढा. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतील, एकावर दोघं जाता येत नाही. आणि सकाळी कार्ड टेकवलं तर संध्याकाळीही तेच. मध्येच फोन टेकवलात तर यंत्राला तो तिसराच माणूस वाटतो. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशातला वापर बहुतेक वेळा बंद असतो, आणि टॅपची सोय वेगळी बंद असते. दोन्ही ॲपमध्ये चालू करून घ्या, निघायच्या आठवडाभर आधी.

रोख फार नेऊ नका. आणि कुणा मामा-काकांनी "माझ्याकडे पडून आहेत" म्हणून पौंडांच्या नोटा दिल्या तर आधी हात लावून बघा. कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, आता सगळ्या प्लॅस्टिकच्या आहेत. जुन्या नोटा बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, पण त्यासाठी चार दिवसांतली सकाळ घालवायची का, ते मामांना विचारा.

राहायला पॅडिंग्टनच्या आसपास बघा. तिथून एलिझाबेथ लाइन थेट हीथ्रोला जाते, अर्ध्या तासाच्या आत, आणि त्या गाडीत बॅगा घेऊन उभं राहायला जागा असते. २०२२ साली ही लाइन सुरू झाल्यापासून मी हीथ्रोसाठी टॅक्सीचं नाव काढत नाही. दूरच्या उपनगरात रात्रीला तीस पौंड वाचतात, पण रोज दोन तास जातात. हॉटेल ठरवताना मात्र एक प्रश्न विचाराच: लिफ्ट आहे का, आणि ती खोलीपर्यंत जाते का. माझ्या आईवडिलांना पहिल्यांदा नेलं तेव्हा त्याच भागातल्या जुन्या घराचं केलेलं एक छोटं हॉटेल मी फोटो बघून घेतलं. पांढरेशुभ्र खांब, खिडकीत फुलं. लिफ्ट नव्हती. खोली चौथ्या मजल्यावर आणि जिना असा की बॅग आडवी धरावी तर भिंतीला लागे, उभी धरावी तर गुडघ्याला. आई पहिल्या रात्री पायरीवर बसून म्हणाली, "अरे, सज्जनगड चढून आले त्याचं तरी पुण्य मिळालं होतं." तेव्हापासून हा प्रश्न मी लेखी विचारतो.

आता दिवस.

गुरुवार. मँचेस्टरहून गाडी यूस्टनला येते, सव्वादोन तासांत. तिकिटं आधी काढा, आणि दोघं एकत्र प्रवास करता म्हणून 'टू टुगेदर' रेलकार्ड काढलंत तर भाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाडीला ते चालत नाही. यूस्टनला उतरलात की बॅगांसकट मागच्या ड्रमंड स्ट्रीटवर या. आपल्याकडच्या शाकाहारी जेवणाची ही लंडनमधली जुनी गल्ली: भेळ, डोसा, थाळी. पोट भरलं की हॉटेल, तासभर पाठ टेकवा, आणि सहाच्या सुमारास वेस्टमिन्स्टर ब्रिजवर जा. जुलैत सूर्य नऊनंतर मावळतो. ही एकच गोष्ट तुमच्या चार दिवसांचे सहा करते. डिसेंबरात आला असतात तर चारच्या आधीच दिवे लागले असते.

त्या पुलावरून थेम्सच्या दक्षिण काठानं टॉवर ब्रिजपर्यंत चालत जाता येतं. साधारण चार किलोमीटर, सगळं सपाट, जागोजागी बाक. बिग बेनचा मनोरा (बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर), लंडन आय, पलीकडच्या काठावर सेंट पॉलचा घुमट, शेक्सपियरचं ग्लोब थिएटर, आणि शेवटी टॉवर ब्रिज. तुमच्या यादीतली सात नावं एका संध्याकाळीत, फुकटात. थकलात तर मध्येच कुठूनही बस मिळते. लंडन आयमध्ये बसायचं का? माझं मत, नाही. १३५ मीटर वर नेऊन अर्ध्या तासात खाली आणतात, आणि त्याआधी रांग. उंचावरून शहर बघायची फुकटची जागा शनिवारी आहे.

शुक्रवार टॉवर ऑफ लंडनचा. हे दिवसाचं तिकीट. दार उघडतं तेव्हाची वेळ घ्या आणि आत शिरल्यावर इकडे-तिकडे न बघता सरळ ज्युएल हाऊस गाठा. कोहिनूर तिथे आहे, राणी एलिझाबेथच्या आईसाठी १९३७ साली केलेल्या मुकुटात. मुकुटांच्या पेट्यांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहून पुढे सरकत जायचं, फोटो काढायचा नाही. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात गेलात तर मागे फिरून पुन्हा पट्ट्यावर चढता येतं. अकरानंतर बाहेरच इतकी रांग असते की एकदाच दिसला तरी खूप. १०५ कॅरटचा आहे, पण पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण "एवढाच?" म्हणतात, हे आधीच सांगून ठेवतो. त्यानंतर लाल-निळ्या पोशाखातल्या यीओमन वॉर्डरसोबतची, म्हणजे टॉवरच्या पहारेकऱ्यासोबतची, फेरी करा, ती तिकिटातच येते. माणसं मिश्कील आहेत, इंग्रजी भरभर बोलतात, जवळ उभे राहा. मधल्या व्हाइट टॉवरमध्ये अरुंद गोल जिने आहेत, तिथे तुम्ही एकटेच जाऊन या, वहिनींनी हिरवळीजवळ बसून कावळे बघावेत. ते पाळलेले रेव्हन आहेत, सहाच्या खाली संख्या गेली तर राज्य बुडेल अशी समजूत आहे, म्हणून निदान सहा ठेवतातच.

बाहेर पडल्यावर पंधरा नंबरची बस. ती टॉवरपासून सेंट पॉल, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत ट्रफाल्गर स्क्वेअरला नेते. वरची पुढची जागा. याच रस्त्यासाठी पर्यटकांच्या उघड्या बसवाले तीस-चाळीस पौंड घेतात. दुपारी खोलीवर जाऊन झोपा. मी थट्टा करत नाहीये. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, आणि संध्याकाळी सहानंतर शाळांच्या सहली गेलेल्या असतात. प्रवेश फुकट आहे, वेळ मात्र ऑनलाइन घेऊन ठेवा. आत लाखो वस्तू आहेत, तुम्ही तीनच ठरवा: रोझेटा शिला, इजिप्तच्या ममी, आणि ३३ अ क्रमांकाच्या दालनातली आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पं. ही तिसरी जागा बहुतेक भारतीय चुकवतात. काचेपलीकडे पांढुरक्या चुनखडीच्या दगडात कोरलेलं ते काम बघून गप्प व्हायला होतं, आणि थोडा रागही येतो.

म्युझियमवरून आठवलं. तुमच्या यादीत 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं' आहेत. अहो, ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, आणि सगळ्यात आधी तुमच्याच साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली होती! अफझलखानाच्या वेळची हीच का, याची खात्री देता येत नाही असं खुद्द त्या म्युझियमनंच म्हटलंय. ती ओळ खोडा.

शनिवार माझा सगळ्यात आवडता. या दिवशी तिकीट नाहीच. हॉटेलवरून पायी लिटल व्हेनिसकडे या, जिथे रीजंट्स कालवा सुरू होतो आणि रंगवलेल्या लांबुळक्या बोटी बांधलेल्या असतात. तिथून दोन-चार मिनिटांवर हाऊली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते आले होते, खटला हरले, पण इथे राहून होमरूलचा प्रचार करत राहिले. घर खासगी आहे, बेल वाजवू नका, समोरच्या फुटपाथवरून बघा.

मग कालव्याच्या काठानं पूर्वेकडे चालत सुटा. सुरुवातीला थोडं अंतर बोटवाल्यांची खासगी जागा आणि मग बोगदा असल्यानं वरच्या रस्त्यानं जावं लागतं, एबरडीन प्लेसच्या पुढे पुन्हा पाण्याकाठी उतरायचं. मग रीजंट्स पार्कची झाडी, प्राणिसंग्रहालयाचं पूर्वीचं पक्षिघर (आता त्यात माकडं असतात), आणि वरून जाणारे लोखंडी पूल. प्रिमरोझ हिलच्या बाजूला वर चढा. ही बुटकी हिरवी टेकडी, अजिंक्यताऱ्याच्या मानानं उंचवटाच म्हणायचा, पण माथ्यावरून सगळं लंडन समोर पसरतं. लंडन आयचे पैसे इथे वसूल. टेकडी उतरून किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर: डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाचं काम करताना. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं, आत स्मारक केलंय. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासून जा.

टिळकांचं घर ते बाबासाहेबांचं घर, सगळं मिळून चारेक किलोमीटर. दोघांच्या तिथल्या मुक्कामांत दोन-तीन वर्षांचं अंतर. मी आजवर कितीतरी मराठी लोकांना हा रस्ता चालवलाय, आणि सुरुवातीला बोटींचे फोटो काढणारे लोक शेवटच्या अर्ध्या तासात एकमेकांशी राजकारणावर वाद घालत असतात. परतीला चॉक फार्म स्टेशन जवळ आहे.

रविवारी वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल दोन्ही फक्त प्रार्थनेसाठी उघडी असतात, पर्यटकांना नाही. तुम्ही ॲबी नेमकी रविवारी लिहिली होती. त्याऐवजी ग्रिनिच. वेस्टमिन्स्टर किंवा टॉवरच्या धक्क्यावरून बोटीनं जा, बोटीतही कार्ड टेकवता येतं. वेधशाळा टेकडीवर आहे, चढ सावकाश चढा. अंगणातल्या धातूच्या शून्य रेखांशाच्या रेषेवर पाय ठेवून फोटो काढायला तिकीट लागतं, तेच त्या दिवसाचं तिकीट. नको असेल तर भिंतीबाहेरच्या पायवाटेवरही तीच रेषा आखलेली आहे, फुकट. गंमत अशी की तुमच्या फोनवर शून्य रेखांश दिसेल ती जागा या रेषेच्या शंभरेक मीटर पूर्वेला आहे, कारण उपग्रहांचं गणित वेगळं. आपली वेळ याच रेषेवरून मोजलेली: साडेब्याऐंशी अंश पूर्वेला म्हणून साडेपाच तास पुढे. जुलैत इथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे फरक साडेचारचा. घरी फोन करताना लक्षात ठेवा. परतताना कटी सार्क स्टेशनपासून डीएलआर ही हलकी रेल्वे घ्या, तिला चालक नसतो, अगदी पुढच्या सीटवर बसा.

खाण्याचं. इथे आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्यात अंडं असू शकतं. 'व्हीगन' लिहिलेलं घेतलंत तर अंडं नाही, दूधही नाही, केकसाठी तोच सोपा मार्ग. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत अंडं, दूध यांची नावं ठळक छापलेली असतात, चष्मा जवळ ठेवा. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. हॉटेलच्या बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच लावलेलं असतं, त्यावर टिप देऊ नका.

आणि कंदी पेढे नेऊ नका. मुलीसाठी दोन किलो नेणार आहात असं लिहिलंय, पण भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस, बहुतेक ताजी फळं ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, हापूस, सगळं मँचेस्टरच्या विमानतळावर काढून घेतील. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, बाकरवडी, मेतकूट खुशाल न्या.

एक भीती खरी आहे ती सांगतो. रस्त्याच्या कडेला फोन समोर धरून नकाशा बघणाऱ्यांचे फोन सायकलवरून येऊन हिसकावतात. नकाशा बघायचा तर भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून. बाकी रस्ता ओलांडायला तुम्हाला त्रास नाही, वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालतात. सरकत्या जिन्यावर मात्र उजवीकडे उभे राहा, डावी बाजू घाईवाल्यांची.

सोमवार मोकळा ठेवलाय, मुद्दाम. पाऊस पडून काहीतरी राहिलेलं असेल, ते तेव्हा. काहीच राहिलं नाही तर अकराच्या आधी व्हाइटहॉलवर पोचा आणि हॉर्स गार्ड्सचे घोडेस्वार बदलतात ते बघा. बकिंगहॅमच्या दारापेक्षा इथे जवळून दिसतं आणि दोन तास आधी जागा धरावी लागत नाही. बॅगा हॉटेलात ठेवता येतात. निघताना तिकिटावर टर्मिनल बघा: हीथ्रोचं दोन आणि तीनला एक स्टेशन आहे, चार आणि पाचला वेगळी, आणि प्रत्येक गाडी सगळीकडे जात नाही. आदल्या रात्री बॅगांचं वजन करा. मुलगी तिचे हिवाळ्याचे कोट तुमच्या बॅगेत भरणार आहे, तिनं अजून सांगितलं नसलं तरी.